खाऱ्या धुक्यातल्या तीन रेघा

१

बुधवारी दुपारी शांभवीनं समुद्राचं झाकण उघडलं, आणि आत तिचे सगळे पत्रे आजारी पडलेले दिसले.

समुद्र म्हणजे खराखुरा नव्हे. कोल्हापुरात तो कुठून येणार? पण कॉलेजच्या मागच्या इमारतीत, जिथं लोखंडाच्या गंजावर संशोधन चालतं त्या प्रयोगशाळेत, आडव्या पाडलेल्या फ्रीजसारखी एक पांढरी पेटी होती. तिच्यात रात्रंदिवस मिठाच्या पाण्याचं बारीक धुकं फवारलं जायचं. बाहेर लोखंड गंजायला जी वर्षं लागतात, तेवढं काम ही पेटी काही आठवड्यांत उरकायची. तिचं खरं नाव सॉल्ट स्प्रे चेंबर. पण शांभवीची धाकटी बहीण पवित्रा, दहावी अ, तिला समुद्रच म्हणायची, आणि आता सगळी प्रयोगशाळाच तसं म्हणायला लागली होती.

सकाळची शाळा सुटली की पवित्रा अक्काचा डबा घेऊन इथं यायची आणि पेटीच्या पारदर्शक झाकणाला नाक लावून उभी राहायची. आत धुकं सावकाश फिरत असायचं. धुक्यात पोलादी पत्रे ओळीनं उभे, झोपलेल्या माणसांसारखे. त्यांच्या अंगावर मधाच्या रंगाचा लेप. बघता बघता पवित्राला वाटायचं, आपण कुठल्या तरी बंदरावर पहाटेचे उभे आहोत आणि एवढ्यात एखादी होडी येईल.

आज होडीऐवजी अक्काचा आवाज आला. "पवू, लांब हो जरा."

शांभवीनं एकेक पत्रा बाहेर काढून उजेडात धरला. प्रत्येकाच्या दर्शनी बाजूवर, वरून खाली गेलेल्या तीन रेघा होत्या. रेघा म्हणजे फोडांच्या रांगा. गोवर उठावा तसे बारीक बारीक फोड, आणि काही फोडांच्या कडेनं गंजाची तांबूस छटा.

हा लेप म्हणजे शांभवीचं सगळं आयुष्यच होतं म्हणा ना. आजऱ्यात काजू फोडतात. गर निघाला की टरफलं उरतात, आणि त्या टरफलांच्या तेलाचा थेंब हातावर पडला तर कातडी सोलून निघते. तेच तेल शिजवून, त्यात आणखी काय काय मिसळून, शांभवीनं हा लेप केला होता. पोलादाला तो असा चिकटायचा की समुद्रसुद्धा आत शिरू नये. शनिवारी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या पंपांच्या कारखान्याची माणसं तो बघायला येणार होती. त्यांना पटला तर लेप कारखान्यात जाणार होता. नाही पटला तर शांभवीच्या कामाला प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहण्यावाचून जागा नव्हती.

विजयसिंह सर आले. प्रयोगशाळा त्यांची, शांभवीचे मार्गदर्शकही तेच. त्यांनी पत्रा उभा धरून पाहिला.

"वरून ओघळलंय काहीतरी. तीन धारा. ॲसिड असणार," ते म्हणाले. "हे आपोआप होत नाही. कुणीतरी केलंय."

पेटीच्या किल्ल्या दोनच. एक शांभवीकडे, दुसरी विश्वजितकडे. विश्वजितही इथंच संशोधन करत होता, आणि कारखान्यासाठी लेप निवडताना त्याचा स्वतःचा लेप शांभवीच्या लेपापुढे हरला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"विश्वजित, काही सांगायचंय?"

"नाही सर."

"मग शनिवारपर्यंत वाट बघतो. तोवर दुसरं काही समोर आलं नाही, तर तुझं सामान उचलायचं आणि या प्रयोगशाळेत परत पाऊल टाकायचं नाही."

विश्वजित पत्र्यांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्यांना वाटलं, पकडला गेला म्हणून घाबरला. पवित्रा मात्र त्याच्या अगदी बाजूला उभी होती. तिला दिसलं ते वेगळंच होतं.

विश्वजितनं त्या रेघा ओळखल्या होत्या.

२

मोना प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळायची. समुद्रात मिठाचं पाणी भरायचं कामही तिचंच. शांभवी किंवा विश्वजितकडून किल्ली घ्यायची, पाणी भरायचं, किल्ली परत द्यायची. संध्याकाळी ती मागच्या पायऱ्यांवर शेंगा खात बसली होती. पवित्रानं सायकल लावली आणि तिच्याशेजारी बसली.

"तपास चाललाय व्हय?" मोना म्हणाली. "मला बेड्या घालणार का?"

"तू झाकण उघडतीस का न्हाई?"

"उघडतो की. पाणी संपल्यावर भरायला काय तुझा काका येणार? सरळ इचार की, मोना, तू ॲसिड टाकलीस का म्हणून."

"टाकलीस का?"

"न्हाई. ॲसिडच्या बाटलीला मी हात पण लावत न्हाई. शेंग घे." मोनाची नजर सायकलवर गेली. "नव्या सायकलच्या हँडलला राख कसली लागलीया तुझ्या?"

"राख न्हाई ती, विभूती. अप्पांनी लावलीया. तू विषय बदलू नको. पत्रे आल्यापासनं सगळं सांग."

मोनानं शेंगांची टरफलं झटकली. "उद्यमनगरात वाळूचा मारा करून पत्रे साफ केलते. शांभवी आजऱ्याला तेल आणाय गेलती, म्हणून तुझे अप्पाच स्कूटरवरनं घेऊन आले. विश्वजितनं ते ॲसिटोननं धुतले, टेबलावर मांडले, त्यांना कॅन्टीनचा चहा आणून दिला. सांजच्याला शांभवी आली, लेप दिला. भट्टीत वाळवले अन् पेटीत ठेवले. त्यात काय बघायचंय?"

"नंतर कोण आलतं?"

"सोमवारी तो कागलचा पावणा आलता. धैर्यशील. पेटीपाशी एकटाच उभा होता बराच वेळ. मी आलो तसा दचकला." मोना उठली. "अन् जाता जाता म्हणतोय, एखादा पत्रा मिळंल का हो, कुणाला सांगू नका."

३

धैर्यशील हा पंपांच्या कारखान्यातला तरुण इंजिनीअर. गुरुवारी तो सरांना भेटायला आला होता आणि कॅन्टीनमध्ये भजी खात होता. पवित्रा त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली, शाळेच्या गणवेशात, वेण्यांच्या रिबिनी सुटलेल्या. गेल्या वर्षीची पवित्रा अनोळखी माणसासमोर अशी बसली नसती. पण मागच्या महिन्यात तिनं अख्ख्या शाळेसमोर माईक हातात धरून भाषण केलं होतं, मुख्याध्यापकांच्या चुका दाखवल्या होत्या आणि तरी जिवंत राहिली होती. तेव्हापासून तिला कुणाचं भय वाटत नव्हतं.

"तुम्ही चोरून पत्रा मागितलासा," ती म्हणाली.

धैर्यशीलच्या हातातलं भजं थांबलं. "तू कोण?"

"शांभवीची बहीण. पत्रा कशाला पाहिजे होता?"

त्यानं मान खाली घातली. "साहेबांना दाखवायला. आमचे साहेब म्हणतात, काजूच्या टरफलात कुठलं आलंय विज्ञान. मी त्यांच्याशी भांडून हा लेप इथवर आणलाय. तो चालला नाही तर कारखान्यात सगळे मलाच टरफल म्हणून हाक मारतील. मी कशाला त्याच्यावर ॲसिड टाकू? भजी घेणार?"

पवित्रानं भजी घेतली. तो खरं बोलत होता. टरफल म्हणवून घ्यायच्या भीतीनं त्याचे कान लाल झाले होते.

मग ती प्रयोगशाळेत गेली. शांभवी खिडकीतून बाहेर बघत बसली होती. टेबलावरचा एक पत्रा पवित्रानं हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात तिरका धरला. मधाच्या रंगात ऊन शिरलं. पत्रा काही बोलेल असं वाटून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि खरंच तो हळूहळू बोलायला लागला.

पहिली गोष्ट. फोड आले होते, पण वरचा लेप तुकतुकीत होता. कुठं खरचटलेला नाही, भोक नाही, डाग नाही. ॲसिडचा ओघळ वरून आला असता तर वरची चमक आधी गेली असती. नख फिरवलं तर फोड दबत होता आणि आत पाणी असल्यासारखं वाटत होतं.

दुसरी गोष्ट. प्रत्येक पत्र्यावर शांभवीनं मुद्दाम ब्लेडनं एक फुली मारली होती, लेपाला जखम झाली तर गंज किती पसरतो ते बघायला. फुलीच्या कडेनं गंज अजिबात पसरला नव्हता. जिथं जखम होती तिथं लेप घट्ट उभा होता. जिथं कुणी काही केलं नव्हतं तिथं फोड.

तिसरी गोष्ट. ओघळ कधी सरळ नसतो, कुठं थांबतो, कुठं वाकतो, खाली जाऊन थेंब धरतो. या रेघा सगळ्या पत्र्यांवर सारख्या होत्या. तिन्हींमधलं अंतर सारखं. वरच्या टोकाला जाड आणि खाली विरत गेलेल्या.

"अक्का," ती म्हणाली, "हे वरनं झालेलं न्हाई. आतनं झालंय. लेप द्यायच्या आधीच पत्र्यावर काहीतरी होतं."

शांभवी वळली. तिनं पत्रा घेतला, बोट फिरवलं. तिचे डोळे आधी चमकले, मग विझले.

"म्हणजे पेटीचा काही संबंध नाही," ती सावकाश म्हणाली. "मोना नाही, धैर्यशील नाही. धुतल्यापासून लेप देईपर्यंत पत्रे एकाच माणसाच्या ताब्यात होते."

त्या माणसाचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. आपण विश्वजितला वाचवायला निघालो आणि त्याच्याच गळ्याभोवतीचा दोर आवळून बसलो, हे पवित्राला कळलं तेव्हा तिच्या तोंडातली भज्यांची चव कडू झाली.

४

विश्वजित पार्किंगच्या कट्ट्यावर बसला होता. बाजूला रिकामा खोका. सामान भरायला आणलेला, अजून न भरलेला. हाच विश्वजित पवित्राला भूमितीची प्रमेयं शिकवायचा. तिला एकदा दहापैकी दोन पडले तेव्हा त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

"दादा, पत्रे धुतलास ना तू?"

"व्हय."

"ॲसिटोननं?"

"ॲसिटोननंच. अख्ख्या खोलीला नेलपॉलिश काढायचा वास आलता."

"मग आत काय राहिलं?"

समोर हिवाळ्याचं धुरकट ऊन पसरलं होतं. लांबून कुठून तरी उसाचा रस कढत असल्याचा वास येत होता. अशा उन्हात माणसं खरं बोलतात असं पवित्राला वाटायचं.

"मी नंतर परत एकदा पुसले," तो म्हणाला. "कोरड्या फडक्यानं. तिथं चुकलो. पुन्हा धुवायला पाहिजे होते. न्हाई धुतले."

"का?"

"ते तुला सांगणार न्हाई."

"अक्काला सांग."

"तिला तर अजिबातच न्हाई. पवित्रा, माझा लेप हरला त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिचा लेप चांगला हाय. माझ्याच हातनं बिघडला. मी जातो. एवढं पुरे की."

"अक्का तुला चोर म्हणंल."

"म्हणू दे. त्यापेक्षा वाईट पण काय काय असतंय." तो खोका घेऊन उठला. "अभ्यास कर जा. प्रमेय बोर्डाला येणार हाय."

पवित्रा सायकल ढकलत घरी निघाली. मंगळवार पेठेतल्या गल्ल्या संध्याकाळच्या आवाजांनी भरल्या होत्या, पण तिला काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच प्रश्न गोल गोल फिरत होता. धुऊन लख्ख केलेला पत्रा कुणी परत कशाला पुसेल?

एकाच कारणासाठी. धुतल्यानंतर त्याच्यावर काहीतरी आलं असेल, आणि ते डोळ्यांना दिसत असेल.

पण काय आलं? आणि कुणाच्या हातून, की ज्याचं नाव सांगण्यापेक्षा विश्वजितला चोर होणं बरं वाटावं?

५

घरी ती तशीच कॉटवर कुशीवर पडली. आई, म्हणजे रत्नव्वा, आत भाकरी थापत होती, आणि त्या थापांचा आवाज दुरून येणाऱ्या पावलांसारखा वाटत होता. पवित्राचे डोळे जड झाले. पेटीतलं खारं धुकं कॉटच्या कडेनं वर आलं. त्यात पत्रे उभे होते, एकेक करून झोपेतून उठत होते, गळ्यात टॉवेल टाकून कुठंतरी निघाले होते. त्यातला एक पत्रा, सगळ्यांत मोठा, दारात येऊन खुर्चीवर बसला. त्याच्यावर वरून खाली गेलेल्या तीन पांढऱ्या रेघा होत्या. तो बशीतून चहा प्यायला लागला.

"पोरगी झोपली व्हय?" पत्रा म्हणाला.

पवित्रा ताडकन उठून बसली. उठताच त्या तीन उभ्या रेघा गर्रकन फिरून आडव्या झाल्या.

समोर अप्पा होते. अण्णासो, तिचे वडील, मार्केट यार्डातली गुळाची अडत बंद करून नुकतेच आलेले. रोज पहाटे आंघोळ झाली की ते कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेघा ओढायचे. तीन बोटं भस्मात बुडवायची आणि कपाळावरून एका दमात ओढायची. सुरुवातीला जाड, शेवटी विरत गेलेल्या, मधलं अंतर सारखं. पवित्रानं त्या जन्मापासून बघितल्या होत्या. फक्त अशा, कुशीवर पडून, मान आडवी टाकून कधी बघितल्या नव्हत्या.

पत्रे पेटीत उभे ठेवतात. पण टेबलावर मांडले होते तेव्हा ते आडवे होते.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघायलीस?" अप्पांनी विचारलं. "शांभवीचा चोर घावला का?"

"न्हाई अजून."

"घावू दे. मला नाव सांग नुसतं. माझ्या पोरीच्या कामात कोण विष कालवतोय, त्याला मी यार्डात उभा करतो, हमालांच्या म्होरं." त्यांनी बशी खाली ठेवली. "चार चार वाजता उठून पोरगी अभ्यास केली हाय. बघितलंय मी."

पवित्रानं उशीत तोंड खुपसलं. या घरात नवी वस्तू आली की तिला विभूती लागायची. मिक्सरला लागली होती, गॅसच्या शेगडीला, तिच्या दप्तराला, सायकलला. घरात आलेल्या वस्तूलाच लागते असं थोडंच होतं?

चोर सापडला होता, आणि तो चोराला शोधत होता.

६

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिनं सायकल प्रयोगशाळेकडे न नेता मार्केट यार्डाकडे नेली. अडतीत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचलेले होते, पिवळे, तांबूस, काळपट. तिथली हवासुद्धा चाटून बघावी अशी गोड. अप्पा गादीवर बसून गुळाचा खडा बोटांत चुरून बघत होते.

"अप्पा, पावसाळ्यात रव्यांना घाम का येतो?"

"शाळेत शिकवलं न्हाई व्हय? गूळ हवेतलं पाणी ओढतोय. नुसता ओढत न्हाई, पोत्यातनं, कागदातनं, कशातनं पण ओढतोय. म्हणून तर पावसाळ्यात जीव टांगणीला लागतो."

"मीठ पण ओढतंय?"

"मीठ तर लई."

"आणि राख?"

"राखेत पण खार असतोयच की. पावसाळ्यात चुलीतली राख उघडी ठेव, बघ कशी..."

त्यांची बोटं थांबली. गुळाचा खडा गादीवर पडला. पवित्राला वाटलं होतं, आपण शोध लावला की छाती फुगेल. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा असा मिटत चाललेला बघून तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"माझी बोटं व्हय?" अप्पा हलक्या आवाजात म्हणाले.

"तीन. सगळ्या पत्र्यांवर."

त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "पोरगं चहा आणाय गेलतं. पत्रे टेबलावर मांडून ठेवलेलं. धुतलेलं, उघडं. न्हाऊ घालून पाटावर ठेवलेल्या तान्ह्या पोरासारखं दिसत होतं बघ. मला ऱ्हावलं न्हाई. शांभवीचं काम हाय, चांगलं होऊ दे म्हटलं, अन् खिशातल्या पुडीतली विभूती लावली. पोरगं आलं तवा मलाच लाजल्यासारखं झालं. म्हटलं, शांभवीला सांगू नको, विज्ञानात असलं चालत न्हाई म्हणून रागवंल. ते म्हणालं, अण्णा, काळजी करू नका. माझ्या म्होरं फडक्यानं हळूच पुसून घेतलं. काय सुदीक राहिलं नव्हतं गं. लख्ख दिसत होतं."

"दिसत नव्हतं. होतं."

"अन् आता त्याचं काय होणार?"

"उद्या सर त्याला काढणार हाईत."

अप्पा उठले. बाहेर सौदे सुरू व्हायची वेळ झाली होती, हमाल हाका मारत होते. पण ते परत खाली बसले, आणि पोरीकडे न बघता त्यांनी विचारलं, "शांभवी बोलंल का गं माझ्याशी नंतर?"

पवित्रानं गादीवर पडलेला खडा उचलून त्यांच्या हातात ठेवला.

७

शनिवारी प्रयोगशाळेत धैर्यशील आणि त्याचे साहेब आले होते. विजयसिंह सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. विश्वजितचा खोका दाराशी, भरलेला. शांभवी पत्र्यांशेजारी, रात्रभर न झोपलेली. आणि पवित्रा, अप्पांचा हात धरून.

"सर, मी सांगू?" तिनं विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता पत्रे टेबलावर आडवे मांडायला सुरुवात केली.

ती बोलत गेली. वरची चमक शाबूत आहे, म्हणजे वरून काही पडलेलं नाही. फुलीच्या कडेनं गंज नाही, म्हणजे लेप कच्चा नाही. पाठीमागची बाजू स्वच्छ आहे, म्हणजे जे झालं ते पत्रे टेबलावर पडलेले असताना, वरच्या अंगाला झालं. धुतलेले पत्रे पुन्हा पुसले गेले, म्हणजे मध्ये काहीतरी लागलं होतं. लेपाखाली राहिलेला खार गुळासारखा पाणी ओढत राहिला, लेपातनंसुद्धा, आणि त्या पाण्यानं फोड उचलले. रेघा तीन, सारख्या अंतराच्या, एका टोकाला जाड. "ओघळ असा नसतो, सर. बोटं अशी असतात."

"हे सगळं बोलणं झालं," सर म्हणाले. "पुरावा?"

"लिटमस," पवित्रा म्हणाली. "आम्हाला नववीतच होतं."

शांभवीनं ब्लेडच्या टोकानं एक फोड उघडला. आतला थेंब कागदावर टेकवला. ॲसिड असतं तर निळा कागद तांबडा झाला असता. निळा निळाच राहिला, आणि तांबडा कागद सावकाश, संध्याकाळ व्हावी तसा, निळा होत गेला.

"यानं एवढंच ठरतं की ॲसिड नव्हतं," सर म्हणाले. आवाज मऊ झाला होता. "कुणाची बोटं, ते नाही ठरत."

"माझी," अप्पा म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. मध्येच मोना आत येऊन कपाटाला टेकून उभी राहिली आणि तिनं शेंगांची पुडी खिशात घातली. अप्पांचं बोलून झालं. शांभवी त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पवित्राला वाचता येईना.

"सगळ्यांना लावलासा? एक पण सोडला नाहीसा?" शांभवीनं विचारलं.

"सोडायचा कसा? सगळेच तुझे." अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "तू लेप देतीस तो कशाला? त्याला काय होऊ नये म्हणूनच की. मी पण तेवढ्यासाठीच."

धैर्यशीलच्या साहेबांनी पत्रा उचलला, पाठीमागून पाहिला, फुलीवर नख घासून पाहिलं. "म्हणजे लेप गेलाच नाही," ते म्हणाले. "खाली राख असूनही रेघांच्या बाहेर हा हललेला नाही." त्यांनी धैर्यशीलकडे बघून मान डोलावली. "नवे पत्रे करा, मॅडम. आम्ही थांबतो." धैर्यशीलचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी बरे दिसत होते.

शांभवी मात्र दाराशी गेली होती. खोक्यापाशी.

"मला सांगायचं होतंस," ती विश्वजितला म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू घरी जाऊन अण्णांना बोलली असतीस."

"बोलणारच आहे. लई बोलणार आहे. धुतले का नाहीस परत?"

"धुणार होतो. बाटली हातात घेतली होती." विश्वजितनं अप्पांकडे बघितलं. "ते समोर उभे होते, शांभवी. बापानं पोरीसाठी लावलेली विभूती, त्याच्या डोळ्यांदेखत ॲसिटोननं घासून काढायची. हात धजला न्हाई. पुसलं, एवढ्यानं भागंल वाटलं. ते गेल्यावर धुवायचं तर तू आलीस, अन् तुला काय सांगू सुचलं न्हाई."

"गंजावर संशोधन करतोस."

"व्हय."

"चोर म्हणाले मी तुला मनातल्या मनात."

"ऐकू आलतं."

शांभवीनं खोका उचलला आणि त्यातलं सामान त्याच्या टेबलावर ओतलं, पेनं, मोजपट्टी, डबा, सगळं. मग वडिलांकडे वळली. तिचा आवाज कोरडा होता, पण डोळे तसे नव्हते.

"अप्पा, नवे पत्रे साफ करून उद्यमनगरात तयार आहेत. दुपारी तुम्हीच घेऊन यायचे. विश्वजित ते तुमच्यासमोर धुणार. ॲसिटोननं. आणि तुम्ही इथनं हलायचं नाही."

दुपारी पत्रे आले. करडे, कोरे, उघडे. विश्वजितनं हातमोजे चढवले, फडकं ओलं केलं आणि एकेक पत्रा घासायला लागला. खोलीभर तो झोंबणारा गोडसर वास पसरला. अप्पा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. पवित्राला ते हात मागून दिसत होते. तीन बोटं एकदा हलली, मग दुसऱ्या हातानं ती दाबून धरली. विश्वजितनं शेवटचा पत्रा उजेडात धरून पाहिला आणि वर न बघता तो ठेवायला निघाला.

अप्पा खाकरले.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ," ते म्हणाले.